वाचकांचे प्रश्न : रोमन व्यापाऱ्याचे पात्र घडवताना

ऐतिहासिक रोलप्लेइंग गेमविषयी, म्हणजे खेळाडूंनी एकेक पात्र वठवण्याच्या खेळाविषयी, या सदरात मागे लिहिले, तेव्हा प्राचीन रोमच्या व्यापारावर उत्तम खेळ उभा राहू शकेल, असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. काही वाचकांनी ते मनावर घेतले आणि आता त्यांची पत्रे आली आहेत. पात्रे कशी घडवावीत हाच त्यांतील बहुतेकांचा प्रश्न आहे. उत्तरे देताना, वेगळे सांगितले नसेल तेथे, इसवी सनाची पहिली दोन शतके गृहीत धरली आहेत, कारण व्यापाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारांची सर्वांत बोलकी कागदपत्रे त्याच काळातील आहेत.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या गटाने रोमन व्यापारावर खेळ रचायला घेतला आहे. पहिल्याच बैठकीला पाचही जण ‘श्रीमंत व्यापारी’ हेच पात्र लिहून घेऊन आले. बळ, चपळाई, बुद्धी यांचे आकडे तेवढे निराळे, बाकी सारे सारखेच. खरा वेगळेपणा कसा आणावा?

पाचही पात्रे श्रीमंत आहेत यापेक्षा ती पाचही एकटी आहेत, ही तुमची मोठी अडचण आहे. आकडे तूर्त बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला एकच विचारा : तुझ्या हातात खेळणारा पैसा कोणाचा आहे? स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या जहाजातून माल नेणारा व्यापारी रोमन जगात नव्हताच असे नाही. परंतु ज्यांचे व्यवहार कागदोपत्री उरले आहेत ती माणसे बहुधा दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या नावावर किंवा दुसऱ्याच्या हुकुमाने वागताना दिसतात.

एक उदाहरण जवळून पाहू. १९५९ मध्ये पॉम्पेईच्या दक्षिणेस महामार्गाचे खोदकाम चालू असताना मेणाच्या लाकडी पाट्यांची एक टोपली सापडली. पुतेओली या बंदरातील सुल्पिकियुस घराण्याच्या सावकारी पेढीचे ते दप्तर होते. त्यातील एका पाटीनुसार इ.स. ३७च्या जून महिन्यात गायस नोवियस एउनुस या धान्यव्यापाऱ्याने १०,००० सेस्टर्शियसचे (सेस्टर्शियस हे रोमन नाणे) कर्ज घेतले. पैसा सम्राट टायबेरियसच्या प्रिमियानुस नावाच्या मुक्त गुलामाचा होता. तो स्वतः गावात नव्हता, त्यामुळे व्यवहार त्याच्या हेसिखुस या गुलामाने केला. तारण म्हणून अलेक्झांड्रियाचा ७,००० मोडियस गहू, म्हणजे आजच्या मापाने साधारण ४५ टन, आणि हरभरे, मसूर व इतर धान्याची २०० पोती ठेवली होती. जुलैच्या सुरुवातीस त्याने आणखी ३,००० सेस्टर्शियस उचलले, आणि तारणाचा माल ज्या वखारीत पडून होता तेथील जागा हेसिखुसला भाड्याने मिळाल्याचा लेखही त्याच दिवशी झाला. भाडे महिन्याला केवळ एक सेस्टर्शियस. लेख लिहून देणारा डिओग्नेटुस हाही गुलामच, आणि त्याच्या मालकाचे नाव गायस नोवियस किपायरुस. कर्जदार आणि वखारवाला या दोघांच्याही नावाच्या आरंभी ‘गायस नोवियस’ आहे, म्हणजे दोघे एकाच घराण्याशी बांधलेले असावेत. तारणावर नजर कोणाची आणि किल्ली कोणाच्या घरची, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

आता मोजा. एक कर्जदार, एक समोर न येणारा सावकार, त्याचा गुलाम गुमास्ता, वखारीचा कारभार पाहणारा दुसरा गुलाम आणि त्या गुलामाचा मालक : एका कर्जात तुमची पाच पात्रे बसली, आणि त्यांपैकी कोणाही दोघांचे हित पुरते जुळत नाही. पुढची गंमत तर कोणत्याही गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सुचली नसती. दोन वर्षांनी, इ.स. ३९ मध्ये, एउनुसकडे सारा हिशेब होऊन १,२५० सेस्टर्शियस बाकी होती. ठरल्या दिवशी ती फेडीन, चुकल्यास रोज २० सेस्टर्शियस दंड भरीन, अशी शपथ त्याने ज्युपिटरचे आणि सम्राटाचे नाव घेऊन लिहून दिली. तोवर हेसिखुस सम्राट कॅलिगुलाच्या मालकीचा गुलाम झाला होता. ज्या गुमास्त्याशी कालपर्यंत बंदरावर घासाघीस करता येत होती, त्याच्या पाठीशी आज राजवाडा उभा! कर्ज तेच, कर्जदार तोच, पण खेळाचा सगळा रंग पालटला.

म्हणून कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, बळ आणि चपळाईच्या वर पैसा कोणाचा, नाव कोणाचे, माल कोणता, तो आत्ता कुठे पडला आहे आणि मुदत कधी संपते, हे लिहून घ्या. शिक्षणाचा आकडा हवाच असेल, तर तोही एउनुसकडूनच घ्यावा. त्याने स्वहस्ते लिहिलेले लॅटिन अशुद्धलेखनाने भरलेले आहे. तो जसे बोलत होता तसेच त्याने लिहिले. हजारोंची उलाढाल करणाऱ्या माणसाला शुद्ध लिहिता यावे लागत नव्हते.

प्रश्न : माझ्या एका मित्राला सिनेटर असलेला व्यापारी खेळायचा आहे. त्याच्या ताब्यात मोठा जहाजांचा ताफा असेल. इतिहासात हे बसते का?

उघडपणे बसत नाही, आणि आडून बसते. इ.स.पू. २१८च्या क्लॉडियसच्या (पुढे येणारा सम्राट क्लॉडियस नव्हे) कायद्याने सिनेटरांना आणि त्यांच्या मुलांना ३०० अँफोऱ्यांपेक्षा अधिक माल मावेल असे समुद्री जहाज बाळगण्यास मनाई केली. एका अँफोऱ्यात साधारण २६ लिटर द्रव मावते, हे लक्षात घेतले तर स्वतःच्या शेतातला माल घरी आणण्यापुरतेच जहाज ठेवण्याची ही मुभा होती, हे कळते. नफ्याचा धंदा सिनेटराला शोभत नाही, असे त्यामागचे म्हणणे.

परंतु चरित्रकार प्लुटार्कने थोरल्या केटो या सिनेटरविषयी जे लिहिले आहे ते तुमच्या मित्राला वाचून दाखवा. केटो जहाजांवर कर्ज देई, पण त्यासाठी कर्जदारांनी एकत्र येऊन मंडळी स्थापावी अशी त्याची अट असे; पन्नास भागीदार आणि पन्नास जहाजे जमली की तो स्वतः एक हिस्सा घेई, तोही क्विंटियो नावाच्या आपल्या मुक्त गुलामामार्फत, आणि तो क्विंटियो कर्जदारांबरोबर समुद्रावर जाई. नीतीवर सर्वांना धडे देणाऱ्या या गृहस्थाचा पैसा असा पन्नास तारवांवर विखुरलेला असे आणि त्याचे नाव एकाही तारवावर नसे.

मी स्वतः चालवलेल्या एका खेळात एका खेळाडूने हट्टाने सिनेटर घेतला होता. मी त्याला मुक्त गुलाम दिला आणि व्यवहार त्याच्याकडूनच करवून घे, असे सांगितले. तिसऱ्या बैठकीला त्याने हळूच विचारले, की सिनेटर राहू दे, मी तो मुक्त गुलामच खेळलो तर चालेल का. साऱ्या घडामोडी त्याच्याच वाट्याला येत होत्या.

प्रश्न : गुलामाचे पात्र खेळाडूला द्यावे का? त्याला स्वतःचे निर्णयच घेता येत नसतील, तर खेळणार तरी काय? आणि विषय हलका होण्याची भीतीही वाटते.

भीती रास्त आहे, आणि ती मनात ठेवूनच खेळावे. वखारीचा हिशेब ठेवणारा डिओग्नेटुस आणि खाणीत राबणारा माणूस कायद्याने एकाच वर्गात होते. पहिल्याला दुसऱ्याच्या जागी पाठवायला मालकाचा एक शब्द पुरे. हे पात्राच्या मनात सतत असले पाहिजे. मालकाची मर्जी हा विनोदाचा विषय करणाऱ्या गटाने हे पात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्णयाचे म्हणाल, तर व्यापारातील गुलामाला ते पुष्कळ घ्यावे लागत. मालक त्याला काही पैसा, माल किंवा दुकान वेगळे काढून देई. त्याला पेकुलियम म्हणत. कायद्याने ती मालकाचीच मालमत्ता, व्यवहारात मात्र ती गुलामाच्या हाताखाली वाढे किंवा बुडे. मालकाने त्याला रीतसर गुमास्ता नेमले, तर त्या कामापुरत्या त्याच्या व्यवहारांना मालक पुरता बांधला जाई. गुमास्त्याशी व्यवहार करू नये असे मालकाला वाटत असेल, तर तशी सूचना दुकानासमोर, सहज दिसेल अशा जागी, जमिनीवर उभे राहून वाचता येईल अशा स्पष्ट अक्षरांत आणि त्या गावच्या चालीप्रमाणे ग्रीक किंवा लॅटिन भाषेत लावावी लागे. ती सूचना कोणी काढून टाकली, किंवा पावसाने अक्षरे पुसली गेली, तर जबाबदारी पुन्हा मालकावर येई. एका पावसाळी रात्रीचे प्रकरण या एका कलमातून उभे राहते.

मुक्ती मिळवणे हे अशा पात्राचे स्वाभाविक ध्येय, पण तेथेच थांबू नका. मुक्त करताना गुलामाच्या किमतीवर पाच टक्के कर लागे. शिवाय इ.स. ४च्या एलियस-सेंटियस कायद्यानंतर तीस वर्षांच्या आतील गुलामाला मुक्त केले, तर काही अपवाद वगळता तो रोमन नागरिक होत नसे, तर ‘जुनियन लॅटिन’ होई : जिवंतपणी मोकळा, परंतु मृत्यूनंतर त्याची सारी कमाई पूर्वीच्या मालकाकडे. मुलांना काही ठेवून जाण्याची सोय नाही. सम्राट क्लॉडियसने अशांसाठी एक दार उघडले. किमान १०,००० मोडियस धान्य मावेल असे समुद्री जहाज बांधून सहा वर्षे रोमला धान्य आणले, तर त्याला नागरिकत्व मिळे. कायद्यात ‘ते जहाज, किंवा त्याच्या जागी दुसरे’ असे शब्द आहेत, म्हणजे पहिले बुडाले तरी आशा बुडत नाही. सहा हंगाम, एक जहाज आणि घरी वाढणारी मुले : दीर्घ मोहिमेसाठी याहून चांगला पाया मला माहीत नाही.

प्रश्न : नावे कशी ठेवावीत? आमच्या खेळात तीन ज्युलियस आणि दोन मार्कस झाले आहेत.

त्यात अनैतिहासिक असे काहीच नाही. पहिली नावे मोजकीच होती. फरक तिसऱ्या नावाने पडतो. मुक्त झालेला गुलाम मालकाची पहिली दोन नावे घेई आणि स्वतःचे जुने नाव शेवटी ठेवी : सिसेरोचा लेखनिक टिरो मुक्त झाल्यावर मार्कस टुलियस टिरो झाला. स्त्रीच्या बाबतीत मालकाच्या कुलनावाचे स्त्रीरूप आणि मागे तिचे जुने नाव येई. मागचे नाव ग्रीक असेल, तर ऐकणारा लगेच ओळखे, की हे घराणे कालपरवा गुलामीत होते. पात्राला ते नाव सांगताना अभिमान वाटतो की संकोच, एवढे ठरवले की पुरे.

प्रश्न : आमच्या गटात तीन मुली आहेत. आमचा गेम मास्टर म्हणतो, रोमन व्यापारात स्त्रिया नव्हत्या, तेव्हा पुरुषपात्रेच घ्या. हे खरे आहे का?

खरे नाही. जहाजाचा धंदा चालवणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री याने फरक पडत नाही, असे कायदेपंडित उल्पियनने स्वच्छ लिहून ठेवले आहे. गुमास्ता म्हणून स्त्रीला नेमता येई, आणि दुकानांवर मुलामुलींनाही बसवत. धान्याची जहाजे बांधणाऱ्या स्त्रियांना क्लॉडियसने चार मुलांच्या आईचे हक्क देऊ केले. जहाज बांधण्याइतका पैसा स्त्रियांकडे नसता, तर असे आमिष दाखवण्याचे कारणच नव्हते. पॉम्पेईत नेवोलेया टिखे या मुक्त झालेल्या स्त्रीने उभारलेल्या समाधीवर शिडे आवरणाऱ्या खलाशांसह एक जहाज कोरलेले आहे. ते व्यापाराचे चिन्ह की आयुष्याच्या प्रवासाचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. खेळापुरता तुम्ही पहिला अर्थ घेतलात, तर कोणी तक्रार करणार नाही.

अडचण होती ती पालकाची. काही महत्त्वाच्या व्यवहारांना स्त्रीला पालकाची, म्हणजे तिच्यासाठी नेमलेल्या पुरुषाची, संमती लागे. पुतेओलीच्या पाट्यांत टिटिनिया अँथ्राकिस ही स्त्री मेलोस बेटाच्या युप्लिया नावाच्या दुसऱ्या स्त्रीला कर्ज देते, आणि युप्लियाच्या बाजूने तिचा पालक, अथेन्सचा एपिखारेस, उभा आहे. देणारी बाई, घेणारी बाई, आणि मध्ये संमतीसाठी आणलेला एक पुरुष! त्या पुरुषाचे पात्र गेम मास्टरला द्यावे, असे सुचवतो.

प्रश्न : पात्राला सुरुवातीला किती पैसे द्यावेत? किमतींचे पूर्ण कोष्टक कुठे मिळेल?

पूर्ण कोष्टकाच्या मागे लागू नका. तयार यादी म्हणून अनेकजण सम्राट डायोक्लेशियनचे इ.स. ३०१चे दरपत्रक उचलतात. पण तोवर चलनाचे मोल इतके घसरले होते, की एका लष्करी मोडियस गव्हाचा कमाल दर १०० दिनारियस ठरवावा लागला होता. तो आकडा पहिल्या शतकातील पात्राच्या हाती दिला, तर भाकरी विकत घेतानाच त्याचे दिवाळे निघेल.

थोडे आकडे पुरतात. एका दिनारियसचे चार सेस्टर्शियस. सम्राट डोमिशियनने पगार वाढवण्यापूर्वी पलटणीतील शिपायाला वर्षाला २२५ दिनारियस मिळत. म्हणजे एउनुसचे पहिले कर्ज शिपायाच्या अकरा वर्षांच्या पगाराएवढे होते. रोमन लेखक प्लिनीने मिऱ्यांचे पौंडामागचे भाव दिले आहेत : काळी मिरी ४ दिनारियस, पांढरी ७ आणि लांब मिरी, म्हणजे पिंपळी, १५. जकात गॉलसारख्या प्रांतात अडीच टक्के, तर पूर्वेच्या सीमेवरून येणाऱ्या मालावर तब्बल पंचवीस. या चार-पाच आकड्यांच्या आधाराने बाकीचे अंदाज बांधता येतात.

सुरुवातीला रोख जवळजवळ देऊच नका. पत द्या : अमक्याच्या शब्दावर अमुक इतके उचलता येईल, असे लिहा. पात्राने कोणाला दुखावले की तो आकडा खाली येईल, आणि हिशेबाची वही खेळापासून वेगळी राहणार नाही.

प्रश्न : भारताशी होणारा व्यापार खेळात आणायचा आहे. त्यासाठी कोणती पात्रे योग्य? भारतीय पात्र इजिप्तमध्ये दाखवता येईल का?

दाखवता येईल. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियातील सभेपुढे बोलताना डिओ क्रिसोस्टोम या ग्रीक वक्त्याने श्रोत्यांत काही भारतीय असल्याचा उल्लेख केला आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननात तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेले खापर मिळाले, आणि तेथील सेरापिसच्या देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी तशीच राहिलेली आढळली.

पात्रे निवडताना मात्र केवळ जहाजावरच्या माणसांकडे पाहू नका. या व्यापाराचा मोठा भाग वाळवंटात आणि नाईलवर घडत असे. व्हिएन्ना येथे जपलेल्या, दुसऱ्या शतकाच्या मध्यावरच्या एका पपायरसवर केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराच्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाचा करार आहे. त्याच्या पाठीमागे ‘हर्मापोलोन’ या जहाजाने आणलेल्या मालाची मोजदाद असून त्यात गंगेकडचे जटामांसी आणि हस्तिदंत आहे. एका जहाजावरच्या या मालाची किंमत सुमारे ७० लाख सेस्टर्शियस भरते. करारात कर्जदार लिहून देतो, की माल उतरल्यावर मी तो विश्वासू उंटवाल्याकडे सोपवीन, पहाऱ्यात नाईलकाठच्या कोप्टोसला नेईन, तेथील सरकारी जकातवखारीत सावकाराच्या शिक्क्याखाली ठेवीन आणि मग नदीमार्गे अलेक्झांड्रियाला धाडीन. माल आणला कर्जदाराने, पण वाटेवर प्रत्येक मुक्कामी शिक्का सावकाराचा. तो शिक्का बाळगणारा माणूस मला या साऱ्या प्रवासातील सर्वांत खेळण्याजोगे पात्र वाटतो.

उंटवाल्याचे पात्रही हलके समजू नका. कोप्टोसला खापरांवर लिहिलेल्या पावत्या सापडल्या आहेत. त्यांवरून निकानोर नावाच्या माणसाचे घराणे पहिल्या शतकाच्या बहुतेक काळात मिओस होर्मोस आणि बेरेनिके या बंदरांकडे उंटांवरून माल पोहोचवीत होते, हे कळते. कोप्टोस ते बेरेनिके बारा दिवसांची वाट; उन्हामुळे बहुतेक चाल रात्रीची. जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघत आणि डिसेंबर-जानेवारीत भारतातून परत फिरत, कारण वारे तसे वाहत. म्हणजे एका फेरीत जवळजवळ वर्ष जाते, आणि वर्षभर सावकार घरी बसून वाट पाहतो. त्या मधल्या काळात त्याच्या कानावर काय अफवा येतील, याचा विचार गेम मास्टरने आधीच करून ठेवावा.

प्रश्न : पहिल्याच वादळात फासे वाईट पडले, जहाज बुडाले, पात्रे कंगाल झाली आणि खेळ तिथेच संपला. हे टाळायचे कसे?

वादळ टाळू नका, त्याचा हिशेब बदला. समुद्री कर्जाचा नियमच असा होता, की ठरलेल्या प्रवासात जहाज बुडाले तर कर्ज फेडावे लागत नसे, जोखीम सावकाराची. म्हणून तर अशा कर्जाला साध्या कर्जाची वार्षिक बारा टक्क्यांची व्याजमर्यादा लागू नव्हती. तुमच्या गटाचे जहाज बुडाले, तर कंगाल सावकार झाला असता, आणि पात्रे किनाऱ्यावर ओल्या अंगाने उभी राहून, जहाज खरेच वादळाने बुडाले, हे त्याला पटवीत असती. सावकाराने संशय घ्यावा यासाठी जुना दाखलाही आहे. हॅनिबलच्या युद्धात सैन्याला रसद पुरवणाऱ्या कंत्राटदारांचे समुद्रातील नुकसान सरकार सोसत होते. पिर्गीच्या मार्कस पोस्टुमियसवर आरोप आला, तो असा, की तो फुटक्या तारवांत किरकोळ माल भरून ती भर समुद्रात बुडवतो, खलाशांना तयार ठेवलेल्या होड्यांतून सोडवून घेतो आणि मालाची किंमत भरमसाट फुगवून सांगतो. इ.स.पू. २१२ मध्ये त्याच्यावर खटला झाला.

त्याआधीचा क्षण, म्हणजे जहाज हलके करण्यासाठी माल पाण्यात फेकण्याचा, हा खरा खेळण्याचा. ऱ्होड्सच्या कायद्याप्रमाणे एकाचा माल सर्वांसाठी फेकला गेला, तर ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी मिळून ते नुकसान भरून द्यावे लागे. मोती-रत्नांसारख्या वजन नसलेल्या वस्तूंवरही वर्गणी बसे, इतकेच नव्हे तर अंगावरचे कपडे आणि बोटांतल्या अंगठ्याही मोजल्या जात. खाण्याचा शिधा तेवढा सुटे. स्वतंत्र माणसाच्या जिवाचे मोल ठरवता येत नाही, असे म्हणून माणसांना हिशेबातून वगळत.  कोणाची पोती आधी जाणार, हे खेळाडूंनी आपसांत, फासे न टाकता ठरवावे.

आणि फासे किती कठोर ठेवावेत, याचे एक माप देतो. फ्रिजियातील हिएरापोलिसच्या फ्लावियस झेउक्सिसने आपल्या समाधीवर कोरून ठेवले आहे, की ग्रीसच्या दक्षिणेकडील मालेआच्या भूशिरावरून आपण ७२ वेळा इटलीला जाऊन आलो. ते भूशिर खलाशांत बदनाम होते, तरीही बहात्तर वेळा. हंगाम सांभाळणाऱ्याला समुद्र दर वेळी गिळत नसे. रोमन लेखक व्हेगेटियस मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सुरक्षित सांगतो, आणि नोव्हेंबरच्या ११ तारखेपासून मार्चच्या १० तारखेपर्यंत समुद्र बंद.

प्रश्न : पात्राची पार्श्वभूमी किती लिहावी? आमच्यातील एकाने अकरा पाने लिहून आणली, आणि ती कोणीच वाचली नाही.

अकरा पानांच्या जागी प्रत्येक खेळाडूकडून एक पत्र लिहून घ्या. पात्राने आपल्या भागीदाराला लिहिलेले, पैसे मागणारे. नमुना म्हणून ब्रिटनमधील विंडोलांडा या ठाण्यावर सापडलेले, लाकडाच्या पातळ पत्र्यांवर शाईने लिहिलेले इ.स. १००च्या सुमाराचे एक पत्र पाहा. ओक्टावियस नावाचा माणूस कँडिडस नावाच्या माणसाला लिहितो, की मी सुमारे ५,००० मोडियस धान्य कणसांसकट घेतले आहे, त्यासाठी रोख हवी. निदान ५०० दिनारियस पाठव, नाहीतर मी इसार म्हणून दिलेले सुमारे ३०० दिनारियस बुडतील आणि मला खाली मान घालावी लागेल. कॅटराक्टोनियमला काही कातडी पडून आहेत, तीही आणायची आहेत.

एवढ्या मजकुरात त्याचा धंदा, त्याची निकड, त्याचा भागीदार आणि लाज वाटण्याची त्याची भीती हे सारे कळते, आणि त्याचा जन्म कुठे झाला हे मात्र आपल्याला ठाऊक नाही. स्वभावही एका वाक्यात उतरला आहे. ती कातडी अजून का आणली नाहीत, याचे त्याने दिलेले कारण असे : मी केव्हाच आणली असती, पण रस्ते खराब आहेत तोवर जनावरांना इजा करण्याची माझी इच्छा नाही.